जनूची शांती

अकराव्या मजल्यावरच्या पूजेचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर पडला आणि रंजिता घरतचं डोकंच फिरलं. उलव्यातल्या या इमारतीत तिची भांडणं नवी नव्हती, पण ती पार्किंगवरून. हे भांडण जनूसाठी होतं.

जनू म्हणजे तिच्या लाडक्या कादंबरीतली बाई. शहर वसवायला तिचं भातशेत भराव टाकून बुजवतात. ती मरते, तरी दर उधाणाला ओल्या पायांनी इमारतीचा जिना चढते, दारोदार थाप मारते आणि विचारते, ‘माजा बांध कुठं हाय?’ बस, एवढंच. कुणाला शाप नाही की त्रास नाही. रंजिताने ती कादंबरी एकोणिसाव्या वर्षी वाचली आणि पुढे दरवर्षी वाचत राहिली. लेखिका वारली, पुस्तक पुन्हा छापलं गेलं नाही. तरी आणखी कुणीतरी वाचावं म्हणून तिने आपली एकुलती एक प्रत क्लबहाउसच्या कपाटात ठेवली. दुर्बुद्धी, दुसरं काय.

वाचली ती सेक्रेटरींच्या बायकोने, नमिताने. तेव्हाच नेमकी तिच्या स्वयंपाकघरातली फरशी वरच्या गळतीने सारखी ओली व्हायला लागली होती. सांगड घालायला कितीसा वेळ लागतो? जनू येते, ठरलं. सेक्रेटरींनाही हायसं वाटलं. बिल्डरच्या मागे लागण्यापेक्षा गुरुजी बोलावणं सोपं. गुरुजी म्हणाले, शांत करतो, पण पुस्तक खाडीत सोडावं लागेल.

चपला दारात भिरकावून रंजिता सेक्रेटरींच्या घरात शिरली. चौरंगावर कलशाशेजारी तिची प्रत होती, वर हळदकुंकू वाहिलेलं. तिच्या अंगाची लाही लाही झाली. इतकी वर्षं जिवापाड जपलेलं पुस्तक ही माणसं बुडवायला निघाली होती. तिने ते सरळ उचललं.

‘अहो, पूजेतलं आहे ते,’ सेक्रेटरी म्हणाले.

‘पूजेतलं नाय, माजं हाय.’ रागात तिच्या तोंडी घरची बोली येई. ‘आनि शांती कुनाची करता? शेत तिचं. त्याच्यावर राहता तुमी, आनि हाकलता तिलाच?’

गुरुजी खाली मान घालून दर्भ निवडू लागले. नमिता मात्र रडकुंडीला आली होती.

‘तू एवढ्या वेळा वाचलंयस ना? मग खरं सांग, ती येते की नाही?’

अगं, कादंबरी आहे ती, एवढं म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. रंजिताच्या ओठांवर ते आलंही. पण जनूबद्दल तसं बोलायला तिची जीभ रेटेना.

‘येत नाय,’ ती म्हणाली. ‘या बिल्डिंगीखाली माज्या बापाचं शेत हाय. सहा वर्सं दर उधानाला दार उघडं ठेवून बसते मी. माज्याकडं नाय आली ती, तुमच्याकडं कशाला येल?’