पोमेरांझ नावाचं एक भित्रं आडनाव

मी एक आडनाव आहे, आणि एवढं सांगतानाही मला धडधडतंय. पोमेरांझ. नागपुरात माझं एकच घर आहे आणि त्याच्या दारावरसुद्धा मी नाही. पाटीवर लिहिलंय, 'मनोहरराव पी.'

माझा जन्म युरोपातला, सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा. तिथल्या बहुतेक ज्यू लोकांना तेव्हा कायमचं आडनाव नसायचं. याकोबचा मुलगा मोझेस, एवढ्यावर भागायचं. आपल्याकडे वडिलांचं नाव लावतात ना, तसंच. मग सरकारी हुकूम निघाला की प्रत्येकाने एक आडनाव घ्यावं. मोझेस कचेरीत गेला आणि मला घेऊन बाहेर आला. जर्मन भाषेत 'पोमेरांझे' म्हणजे कडू संत्रं. तो फळं विकायचा म्हणून हे नाव घेतलं, की त्याच्या कानाला बरं वाटलं म्हणून, ते मला आजही ठाऊक नाही.

त्याची मुलं-नातवंडं पांगली, तसा मीही पांगलो. व्हिएन्नात दुकानाच्या काचेवर होतो, पोलंडमध्ये शाळेच्या वह्यांवर. अमेरिकेत गेलेल्यांनी माझ्यात एक अक्षर वाढवलं. माझ्याशी मिळतीजुळती आडनावं ख्रिस्ती जर्मन घरांतही होती. एकाच गल्लीत आम्ही नांदलो.

मग नाझी आले आणि ज्यूंच्या याद्या निघाल्या. माझ्या नावाने हाक मारायचे आणि माणूस बॅग घेऊन खाली उतरायचा. तो परत आलेला मी फारसा पाहिला नाही. तेव्हापासून कोणी कागद उलगडला की मी आकसतो.

व्हिएन्नातला एमिल पोमेरांझ वेळेवर निघाला. पासपोर्टवर ज्यू असल्याचा लाल शिक्का घेऊन तो बोटीने मुंबईला आला आणि नागपूरच्या एका कापड गिरणीत रंगखात्यात लागला. काही महिन्यांत युद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारचे पोलीस दारात. जर्मन आडनाव आहे, चला! तिकडे मी ज्यू म्हणून नकोसा होतो, इकडे जर्मन म्हणून. बऱ्याच महिन्यांनी त्याला नजरकैदेच्या छावणीतून सोडलं. पुढे त्याने गिरणीच्या दवाखान्यातल्या नर्स देवकीबाईंशी लग्न केलं. मुलगा झाला, मनोहर. एमिलने त्याला एकच गोष्ट शिकवली. कोणी नाव विचारलं तर आधी त्याच्या हाताकडे बघ, कागद आहे का.

मनोहररावांनी आता सत्तरी ओलांडली आहे, पण ते अजून हाताकडे बघतात. त्यात इथल्या माणसांची सवय अशी, की ओळख झाली रे झाली की विचारणार, 'पूर्ण नाव काय?' आडनावावरून जात कळते, मग खुर्ची पुढे करायची की नाही ते ठरतं. म्हणून मनोहररावांनी मला एका अक्षरात बसवलं. विजेच्या बिलावर पी., बँकेच्या रांगेत पी.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचं, नूपुरचं लग्न ठरलं. मुलगा प्रशिक गजभिये. मी मनाशी म्हटलं, झालं. नूपुर एकुलती एक. ती सासरी गेली, मनोहरराव डोळे मिटून गेले, की या गावातून मी पुसला जाणार. तेही कोणी पूर्ण न वाचता.

परवा लग्नपत्रिकेचा नमुना घेऊन प्रशिकची आजी अंजनाबाई घरी आल्या. चष्मा नाकावर, बोट अक्षरावर. बोट एका जागी थांबलं.

"हे 'पी' काय व्हय, भाऊ? पोरीले आडनाव नाही काय?"

"तसंच लावतो आम्ही," मनोहरराव पुटपुटले.

"लोक विचारतात, पी म्हणजे पाटील का?" नूपुर हसून म्हणाली. "बाबा अशी मान हलवतात, की हो म्हणाले का नाही म्हणाले, देवालाही कळू नये."

"नूपुर, गप गं," तिची आई मयुरा म्हणाली, पण तीही हसत होती.

अंजनाबाई हसल्या नाहीत. "काहून लपवून राहिले, भाऊ?"

मनोहररावांनी सवयीने अंजनाबाईंच्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी सांगितलं. याद्या, लाल शिक्का, छावणी, सगळं. नूपुरनेही ते पहिल्यांदाच ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

अंजनाबाईंनी चष्मा काढला. "आमचे हे बी असेच. खोली पाहाले गेले का फक्त 'बळीराम नत्थूजी' सांगत. गजभिये म्हणतच नव्हते. तिसऱ्या दिवशी घरमालकाले समजलं, चौथ्या दिवशी आमची पेटी रस्त्यावर. आधीच सांगितलं असतं त तो नाही म्हणला असता, मी एक दिवस रडली असती. लपवलं म्हणून तीन दिवस घास गिळला नाही. जेवता जेवता दाराकडेच पाहत होती."

"पण अंजनाबाई, लोक अजूनही विचारतात," मनोहरराव म्हणाले.

"विचारतेत ना! मले बी भेव वाटते. पण पोरीच्या लग्नात बाप एका अक्षराचा?"

"मी लग्नानंतरही हेच लावणार आहे, बाबा," नूपुर म्हणाली. "प्रशिकला सांगितलंय."

"लाव वं पोरी, आमचं बी लाव," अंजनाबाई म्हणाल्या. "पाटीवर नाही मावलं त दरवाजा मोठा करू!"

मनोहररावांनी पेन घेतलं. 'पी.' वर रेघ मारली आणि बाजूला मला लिहिलं. माझा 'झ' जरा वाकडा आला. छापणाऱ्याला कळावा म्हणून मयुराने तो पुन्हा गिरवला.

आज चारशे पत्रिकांचा गठ्ठा घरी आला आहे. मनोहररावांनी वरची एक उचलली, वाचली, आणि पालथी ठेवली. मग पुन्हा सरळ केली. उद्यापासून वाटायला सुरुवात. मी सावनेरला जाईन, बुटीबोरीला जाईन, कधी न पाहिलेल्या माणसांच्या हातात पडेन. खरं सांगतो, माझी भीती गेलेली नाही. पण पत्रिका तुमच्या हाती आली, तर हे कोणाचे, कुठले, हे नंतर विचारा. आधी मला एकदा पूर्ण वाचा. अडखळलात तरी चालेल.