तळ्याचा पायरीकडचा कोपरा

तिचं संशोधन बुडालं. असो, अजून तसं काही झालेलं नाही. सकाळ आहे, पिशवीत ब्रश आणि बाटल्या आहेत, आणि ती खुशीत बागेतल्या तळ्याकडे निघाली आहे.

ती महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि पाण्याखालच्या वनस्पतींवर कोणत्या ऋतूत कोणतं शेवाळ चढतं ते शोधते. देठ तोडायचा, दात घासायच्या मऊ ब्रशने खरवडायचा, निघालेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पावसाळ्यात देठ जवळजवळ उघडे होते. हिवाळ्यात त्यांवर तपकिरी साय धरली. उन्हाळा तेवढा राहिला होता. तो मिळाला की प्रबंध पुरा, मग कायमची नोकरी. मुदत याच वर्षीची.

बागेचा पर्यवेक्षक तिचा नवराच. तळ्याच्या पायरीकडच्या कोपऱ्याला उन्हाळाभर कुणी हात लावणार नाही, असा शब्द त्याने दिला होता, तोही न मागता.

तळं आरशासारखं चकचकीत होतं. तळाशी एक चप्पल दिसत होती, तीही स्वच्छ. काठावर नवरा बादली घेऊन उभा होता.

"अहो, माझा कोपरा?"

"उद्या मोठे साहेब येताहेत गं. तेवढाच कोपरा घाण दिसत होता. बढतीचं तुला माहीत आहेच."

"शब्द दिला होतात."

"मग विसरलो का? तुझ्यासाठी काढून ठेवलंय की!" त्याने बादली पुढे केली. आत देठांची जुडी होती, हिरवीगार, निथळणारी. "तुझे कष्ट वाचावेत म्हणून स्वतः नळाखाली धुतलेत. एकेक घासून."

तिने एक देठ उचलून बोटांत फिरवला. त्यावर काहीच नव्हतं.

"जेवणाच्या टेबलावर वर्षभर मी काय करत होते, असं वाटलं तुम्हाला?"

"घासत होतीस ना?"

तिने देठ परत बादलीत टाकला.

"बरं, चिडू नकोस. उन्हाळा काय, पुढच्या वर्षी येईलच की."

दुपारी बागेच्या कार्यालयात एक अर्ज आला. नवऱ्याने सवयीने त्यावर आवक शिक्का मारला, मग अक्षर ओळखलं.

'विषय: तळे पूर्ववत अस्वच्छ करून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर तळ्याचा पायरीकडील कोपरा, देठांवरील शेवाळ व चालू उन्हाळ्यासह, होता तसा अर्जदारास परत करण्यात यावा.'