आठवी नदी

लाराक्केने फळीवर तेलाचे चार थेंब सोडले आणि तळव्याने चोळायला घेतलं. वीतभर लांबीची, जर्दाळूच्या लाकडाची फळी. किती पिढ्यांच्या कपाळांनी मधोमध गुळगुळीत झालेली. वाळवंटाकाठच्या कुचा नगरात मूल जन्मलं की एकविसाव्या दिवसाच्या आत ती कपाळावर बांधायची. डोकं चपटं होतं, आणि आपलं माणूस लांबूनही ओळखू येतं. नात आज वीस दिवसांची झाली होती. टाळू भरायला लागली की मग बांधून उपयोग नव्हता.

"बाबा, यांना नाही आवडणार," विशिका पाळण्यापाशी बसून म्हणाली.

"जावईबापूंना विचारून मी जन्माला आलो नाही."

"त्यांच्यात घोडी बांधतात, डोकी नाही."

"हस तू. तुझं बांधलं म्हणून काय बिघडलं?"

"बिघडतंय कशाला? घागर झकास बसते." तिचा हात नकळत कपाळाकडे गेला. "ढग आले की ठणकतं, तेवढंच."

लाराक्केचा तळवा फळीवर थांबला. इतक्या वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती.

"पोरी, गल्लीत आपल्या बोलीत हाक मारणारी तीन घरं उरली. त्यातल्या एकातला म्हातारा बहिरा. उद्या मी गेलो की ही कुणाची, हे कशावरून कळायचं?"

 विशिकाने लेकीला उचललं आणि बापाच्या मांडीवर ठेवलं.

फळी कपाळाला टेकली मात्र, पोरीने टाहो फोडला. गाठ मारण्याआधी गाणं म्हणायचं असतं. लाराक्केने एका हाताने फळी धरली, बोटांत बांधायची पट्टी घेतली आणि खरखरत्या गळ्याने सूर लावला:

गाडा चालला गं चालला, गवताच्या दर्यातून,
डाव्या हाती पांढरा डोंगर, उजव्या हाती ऊन.
आठव्या नदीला चाक मोडलं, बैल बसले दमून,
तिथंच पेरली कोय बाई, घर आलं उगवून.

दुसऱ्या ओळीलाच रडं थांबलं. पोर त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होती. गाणं संपलं आणि त्याने मान वर केली, तर दारात तोंगा उभा. जावई उइगुर; त्याचे लोक घोड्यांवरून कुचात उतरले त्याला पुरती वीस वर्षंही झाली नव्हती. हातातली दह्याची पखाल त्याने हळूच खाली ठेवली.

"मामा, डाव्या हाताला पांढरा डोंगर? माझी आजीही असंच सांगायची. गवतातून निघालो, डोंगराच्या कडेकडेने आलो."

"तुम्ही काल आलात."

"आणि तुम्ही परवा."

विशिकाने पदराआड हसू दाबलं. लाराक्के मात्र हसला नाही.

"परत म्हणा ना," तोंगा जवळ बसत म्हणाला. "मला यायला हवं."

"हे फळी बांधताना म्हणतात."

"मग फळी असू द्या की हातात. कपाळावरच कशाला?"

लाराक्के घुश्शातच पुन्हा गायला. मग तिसऱ्यांदा, एकेक शब्द सोडवून. पट्टी तो आपल्याच बोटाला गुंडाळत राहिला, उलगडत राहिला. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं. एकविसावा दिवस आला आणि गेलाही. पट्टी खुंटीला लटकत राहिली. फळी त्याने पाळण्याच्या तळाला ठोकून टाकली, पोरीच्या पाठीखाली.

दुसऱ्या साली जर्दाळू पिकले. लाराक्के घराच्या धाब्यावर बसून फळं फोडून वाळत घालत होता. खाली तोंगा पाळणा हलवत गात होता. उच्चार दगडधोंड्यांतून गाडा जावा तसे. आठव्या नदीला चाक मोडलं, बैल बसले आणि नेहमीसारखा तो तिथंच अडला.

लाराक्केने ओळ सांगायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. खालून, पाळण्यातून, एक बारीक आवाज आला होता. शब्द एकही नाही, नुसती चाल. पण पुढच्या ओळीची, शेवटपर्यंत.

हातातल्या फळाची कोय तो टोपलीत टाकणार होता. ती त्याने कमरपट्ट्यात खोचली, आणि पाण्याचा तांब्या घेऊन एकेक पायरी जपून उतरायला लागला.