कोऱ्या पलंगाची कैफियत

मी एक पलंग. छत्तीस वर्षं झाली, माझ्यावर कुणी झोपलेलं नाही. गादीवरचं दुकानातलं प्लास्टिकसुद्धा तसंच आहे.

टास्मानियातल्या या सफरचंदांच्या गावात क्लेमने मला विकत आणलं, ते फक्त दाखवायला. तेव्हा इथे दोन पुरुषांनी संसार करणं हा गुन्हा होता. क्लेम आणि नेव्हिल झोपत पलीकडच्या खोलीत, एकत्र. दारात कुणी आलं की क्लेम धावत येऊन माझी चादर विस्कटे, उशीला गुद्दा मारून खड्डा पाडे. पाद्री, बहीण, मीटर बघणारा, सगळे फसले. पुढे कायदा गेला, सवय राहिली.

आता नेव्हिल चौऱ्याऐंशीचा. हात असे थरथरतात की शर्टाचं बटण लागत नाही, मोजे चढत नाहीत. ते सगळं क्लेम करतो, पण त्याचे गुडघे गेलेत. एकदा नेव्हिलला टबातून उठवायला गेला आणि दोघंही तासभर टबातच, हसत.

शेवटी वृद्धाश्रमासाठी अर्ज केला. तपासणीला ब्रॉन्विनबाई आल्या. क्लेमने सवयीने मला विस्कटलं. बाईंनी दोन पलंग पाहिले आणि लिहिलं, 'घरसोबती'. विचारलं काहीच नाही; कागदावर तसा रकानाच नव्हता म्हणे!

महिन्याने पत्र आलं. एक खोली फक्त जोडप्यांना. नेव्हिलला जागा मिळाली. क्लेमचं नाव प्रतीक्षायादीत, तेही दुसऱ्या गावी.

"माझी बटणं कोण लावणार?"

"नर्स लावेल."

"तुझ्यासारख्या शिव्या देत?"

क्लेमने फोन करून बाईंना परत बोलावलं आणि त्यांच्यासमोर माझी चादर ओढून काढली. प्लास्टिक चरचरलं.

"बघा बाई. यावर कधीच कुणी झोपलं नाही. आम्ही तिकडे झोपतो. दोघंही."

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत?"

"आधी सांगितलं असतं तर आत टाकलं असतं," नेव्हिल म्हणाला. "नंतर राहूनच गेलं."

बाईंनी पेन काढून 'घरसोबती' हा एक शब्द खोडला.

सोमवारी दोघं एका खोलीत राहायला गेले. मी फाटकाबाहेर उभा आहे, उशाला 'फुकट न्या' अशी पाटी. जाताना क्लेमने माझं प्लास्टिक टराटरा फाडलं. पहिल्यांदाच अंगाला वारा लागतोय.

जो कुणी नेईल त्याला एकच विनंती. माझ्यावर झोपा. दोघं असाल तर जरा दाटी होईल. होऊ द्या.