शर्टाच्या आतली शिवण

सिस्टर दर मंगळवारी यायची आणि माझं डोकं फिरवून जायची. यांना आता वजनकाट्यावर उभं राहवत नाही, म्हणून ती दंडाला टेप लावते. जन्मभर लोकांची मापं घेतलेला टेलर माणूस, आणि आता हीच याचं माप घेणार. त्या दिवशी म्हणाली, "काकू, दंड साडेअठरा सेंटिमीटर. गेल्या महिन्यात एकवीस होता."

"तुझी टेप ताणली असेल," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. "हा शर्ट बघ. दोन वर्षांपूर्वीचा, अजून अंगाबरोबर बसतो. माणूस झिजला असता तर शर्ट लोंबला नसता?"

यांचा चेहरा उतरलेला मलाही दिसत होता. पण आजारात चेहरा उतरतोच. मी शर्टावर भरवसा ठेवला. दिवसाला सहा वाट्या: दूध, सूप, कुस्करलेलं केळं, जे जाईल ते. यांनी तोंड मिटलं की मी ओरडायचं, ओरडून भागलं नाही की रडायचं. सिस्टर सांगून थकली होती, की कॅन्सर या टप्प्याला आला की खाल्लेलं अंगी लागत नाही, भूकच मरते, मागतील तेवढंच द्या. मी या कानाने ऐकायची, त्या कानाने सोडून द्यायची. चाळीस वर्षं ज्याला जेवू घातलं त्याच्यापुढची वाटी उचलायची म्हणजे काय?

त्या मंगळवारी सिस्टरने माप वहीत लिहून घेतलं. यांची वर सारलेली बाही ती खाली घेत असताना बाही उलटली, आणि मला आतली शिवण दिसली. एकीशेजारी एक, तीन शिवणी. हातशिलाईच्या, बारीक, सरळ. असे टाके या घरात एकच माणूस घालतो.

मी कपाट उघडून सगळे शर्ट उलटे केले. सगळे आत घेऊन लहान केलेले. मी बाजारात गेले की हे पलंगावर बसून शिवत होते. अंग पुसायला येणाऱ्या भावोजींनाही गप्प बसवलं होतं. शिंप्याची बायको मी, आणि मलाच शिवण कळली नाही.

"का हो?" एवढंच तोंडातून निघालं.

"शर्ट ढिला दिसला की तू एक वाटी वाढवायचीस," ते म्हणाले. "गिळवत नाही गं."

मला भयंकर राग आला. कुणाचा, ते कळेना. बाही हातात धरून बघत राहिले, तेव्हा लक्षात आलं की जादा कापड कापलेलंच नाही. सगळं आत दुमडून ठेवलेलं. हाडांना टोचत असणार.

"हे कापलं का नाही?"

त्यांनी डोळे मिटले होते. "तू एवढं म्हणत होतीस, अंग भरेल म्हणून. म्हटलं, असू दे. लागलं तर उसवता येईल."

सिस्टरने टेप गुंडाळली. स्टुलावर सुपाची वाटी निवत होती. मी ती यांच्या तोंडाजवळ नेली नाही. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभी राहिले आणि स्वतःच पिऊ लागले. दुसऱ्या घोटाला थांबले. गिळवत नव्हतं.