गोल, निळा शिक्का

“शिक्का गोल आहे, निळा आहे, सही उजव्या कोपऱ्यात आहे. एवढं सगळं कळलं मला, मॅडम. पेपर कुठल्या इमारतीत आहे, तेवढं मात्र कुठेच नव्हतं.”

मुलगी हे न रागावता म्हणाली. विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावर, वेबसाइट विभागाच्या लांबट खोलीत, हातात पांढरी काठी घेऊन ती उभी होती. जन्मापासून तिला दिसत नाही. समोर माझी बायको बसली होती. तिला तिथे सगळे टायपिस्टबाई म्हणतात. टायपिस्टचं पद केव्हाच बंद झालं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

मी काही तिथे नव्हतो. पण त्या संध्याकाळी हिने मला ते इतक्या वेळा सांगितलं, की आता ती खोली मी स्वतः पाहिल्यासारखी वाटते.

“मग पेपर बुडाला?” हिने विचारलं.

“बुडाला. जुन्या इमारतीत जाऊन बसले. पहारेकरी म्हणाला, पेपर नव्या इमारतीत हलवलाय. तिथे पोचेपर्यंत दार बंद.”

“अगं, कोणाकडून तरी वाचून घ्यायचं ना.”

“रूममेट वाचून दाखवते. पण त्या आठवड्यात आमचं भांडण झालं होतं. साबणावरून.” मुलगी थोडी हसली. “मॅडम, साबणावरून माझी परीक्षा बुडावी का? आता फेरपरीक्षा आहे. तीही हुकली तर वर्ष गेलं.”

इथे थोडं समजावून सांगतो, कारण मलाही ते दोनदा समजून घ्यावं लागलं. ज्यांना दिसत नाही, त्यांच्या फोनमध्ये एक प्रोग्राम असतो. पडद्यावरची अक्षरं तो मोठ्याने वाचतो. पण अक्षरांचा फोटो काढून टाकला, की त्याची वाचा बसते. त्याच्या दृष्टीने ते चित्र. आणि विद्यापीठाचं प्रत्येक परिपत्रक म्हणजे चित्रच. ते आधी टाइप होतं, मग कागदावर छापलं जातं. त्यावर कुलसचिवांची सही होते, शिक्का बसतो, आणि तो कागद स्कॅन होऊन वेबसाइटवर जातो. टाइप केलेली फाइल कोणी ठेवत नाही. पुढचं परिपत्रक त्याच फाइलवर, तारीख बदलून, जुना मजकूर खोडून तयार होतं.

सहा महिन्यांपूर्वी वरून आदेश आला, की वेबसाइट दिव्यांग विद्यार्थ्यांना वापरता आली पाहिजे. प्रत्येक चित्रामागे त्याचं वर्णन लिहा. डोळस माणसाला ते दिसत नाही, ऐकणाऱ्याला ऐकू येतं. हे काम हिच्याकडे आलं. एकोणीसशे चित्रं होती. हिने एकही सोडलं नाही. तपासणीच्या प्रोग्रामने प्रत्येकासमोर हिरवी खूण केली, शंभर टक्के असा अहवाल वर गेला, आणि कुलसचिवांनी स्वतः खाली येऊन “वा, बाई!” म्हटलं. निवृत्तीला महिना उरला होता. वर्षाच्या गुणवंत कर्मचाऱ्यांच्या यादीत हिचं नाव घालायचं ठरलं होतं.

“ऐकता का जरा?” मुलीने कानातलं इअरफोनचं एक बोंड काढून हिच्यापुढे धरलं. हिने ते कानाला लावलं. एक कोरडा आवाज भराभर वाचत होता. परिपत्रक. गोल निळा शिक्का. कुलसचिवांची सही. परिपत्रक. गोल निळा शिक्का. कुलसचिवांची सही. परिपत्रक.

हिचेच शब्द होते ते.

संध्याकाळी चप्पल काढता काढता हिने सुरुवात केली.

“अहो, चित्रात काय दिसतं ते लिहा, असं सांगितलं होतं. मी तेच लिहिलं. एकतीस वर्षं टेबलावर कागद आला की आधी काय बघायचं? शिक्का. शिक्का नसेल तर कागद परत. मला खरंच दुसरं काही दिसलं नाही हो.”

मी हसलो. तिला वाईट वाटेल हे लक्षात यायच्या आधीच हसलो.

“हसा तुम्ही.”

“अगं, तुला नाही हसलो. मी शाळेत शिकवायचो तेव्हा माझ्या तिसरीच्या वर्गात एक पोर होतं. चित्र दाखवून ‘काय दिसतं ते लिहा’ म्हटलं, तर लिहायचं, ‘चित्र चौकोनी आहे. चित्र रंगीत आहे. चित्राला चौकट आहे.’ चित्रात विहिरीवर एक बाई पाणी ओढतेय, ते राहूनच जायचं.”

“मग काय करायचात?”

“त्याला डोळे मिटायला सांगायचो. म्हणायचो, आता मी चित्र बघतोय, तुला ते दिसत नाही. तुला काय विचारावंसं वाटतं? मग लगेच विचारायचं, ‘कोण आहे त्यात? काय करतंय?’ तेच लिही म्हणायचो.”

हिने चपला कोपऱ्यात सरकवल्या. मग म्हणाली, “म्हणजे मी तिसरीत आहे.”

“तिसरीतली पोरं लवकर शिकतात.”

दुसऱ्या दिवशी ही विभागप्रमुखांसमोर उभी राहिली. ते हिच्याहून सहा वर्षांनी लहान, मनाने वाईट नाहीत, पण वर गेलेला कागद खाली आणायचा म्हटलं की त्यांना घाम फुटतो.

“बाई, अहवाल गेलाय. शंभर टक्के.”

“साहेब, तो खोटा आहे.”

“खोटा कसा? मशीनने दिलाय!”

“मशीनला एवढंच कळतं, की काहीतरी लिहिलंय. काय लिहिलंय ते कळत नाही. उद्या मी प्रत्येक चित्रामागे ‘साहेब शहाणे आहेत’ असं लिहिलं, तरी हिरवी खूण येईल.”

“लिहायला हरकत नाही तशी.” साहेब हसले आणि लगेच गंभीर झाले. “मग करायचं काय?”

“प्रत्येक परिपत्रकाखाली पूर्ण मजकूर टाइप करून घालायचा.”

“त्यावर सही-शिक्का कुठे असणार? शिक्का नाही ते परिपत्रक नाही.”

“शिक्क्याचं चित्र वर तसंच राहू द्या. खाली फक्त मजकूर.”

“आणि टायपिंगची चूक झाली तर? पोरं चुकीच्या दिवशी येऊन बसतील.”

“एकतीस वर्षांत माझी एक चूक दाखवा.”

“आहे एक. माझ्या बढतीच्या पत्रात तारीख पुढची पडली होती. बावीस दिवस थांबलो मी!”

“ती तारीख तुमच्याच मसुद्यात होती. मी ठेवलाय तो. आणू का?”

साहेबांनी हात जोडले. मग खुर्ची जरा पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, “बाई, महिनाभर तर राहिलाय. हार घ्या, सुखाने घरी जा. अहवाल मागे घ्यायचा तर चूक कोणाची, ते लेखी द्यावं लागेल.”

“देते ना.”

तिथेच बसून हिने ते लिहिलं. ‘पूर्ण झाल्याचे कळवलेले काम पूर्ण झालेले नाही. वर्णने मी लिहिली, चूक माझी आहे.’ खाली सही केली आणि शिक्का मारून घ्यायला स्वतः खाली गेली. गुणवंतांच्या यादीतून नाव गेलं. ते हिने मला सांगितलं नाही, मला साहेबांकडून कळलं.

मग काम सुरू झालं. मूळ फाइली नव्हत्याच, त्यामुळे एकेक कागद पडद्यावर डावीकडे ठेवून उजवीकडे पुन्हा टाइप करायचा. परीक्षेची परिपत्रकं आधी, वसतिगृहाची मग, बाकीची त्यानंतर. दुपारी जेवून ही विभागाविभागांत फिरायची आणि तिथल्या कारकुनांना सांगायची, “कागद पाठवाल तेव्हा फाइलही पाठवा.” कोणी म्हणे पाठवू, कोणी म्हणे आधी लेखी आदेश आणा. एकजण म्हणाला, “बाई, आंधळी मुलं आहेत तरी किती आपल्याकडे?” ही म्हणाली, “मोजायला गेलास तर थोडीच निघतील. पण कागद वाचायला बसलेलं प्रत्येक मूल एकटंच असतं.”

फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी परीक्षा विभागाने पुन्हा जागा बदलली, पेपर ग्रंथालयाच्या सभागृहात ठेवला. नव्या इमारतीत रंगकाम निघालं होतं. परिपत्रक खाली आलं, आणि विशेष म्हणजे फाइलही आली. ही म्हणते, वीस मिनिटांत ते मजकुरासकट वेबसाइटवर गेलं. मग दुसऱ्या दिवशी हिने काम केलं असेल असं मला वाटत नाही. अकराच्या पेपरसाठी साडेदहालाच ही ग्रंथालयाच्या सभागृहाबाहेर जाऊन उभी राहिली. मुलगी पायरीवर बसून खिडकीतून येणाऱ्या आवाजांचा अंदाज घेत होती.

ही तशीच परत फिरली.

“अगं, निदान शुभेच्छा तरी द्यायच्यास,” मी घरी म्हटलं.

“आणि तिला वाटलं असतं, मी खात्री करायला आले.”

“आलीच होतीस की!”

“ते तिला कशाला कळायला हवं?”

शेवटच्या दिवशी मी हिला आणायला गेलो. हार झाला होता, भाषणं झाली होती, चहाचे कप टेबलावर तसेच पडले होते. ही आपल्या जागेवर बसून टाइप करत होती. सहाशे चाळीस कागद राहिले होते. ते कोणते, त्याची यादी हिने पुढच्या माणसासाठी भिंतीला लावली होती.

दारात काठीचा आवाज झाला.

“मॅडम आहेत का?”

“आहे गं. ये. पेपर कसा गेला?”

“बरा गेला. एक प्रश्न राहिला. वेळ पुरला नाही, जागा मात्र बरोबर होती.” मुलगी टेबलाच्या कडेला हात लावून थांबली. “तुमचा आज शेवटचा दिवस ना?”

“कोणी सांगितलं तुला?”

“कोणी नाही. वाचलं.”

हिने माझ्याकडे पाहिलं. सकाळी आल्या आल्या हिने पहिलं काम ते केलं होतं. निवृत्तीचं परिपत्रक वेबसाइटवर चढवून त्याखाली पूर्ण मजकूर घातला होता. स्वतःचं नाव, पद, एकतीस वर्षांची सेवा, आजची तारीख.

“शिक्का आहे त्यावर?” मुलीने विचारलं.

“आहे. गोल. निळा.”

“मग खरंच चाललात.”

मुलीने टेबलावरून हात फिरवला, कीबोर्ड सापडला तशी त्याच्या कडेवर दोन बोटं टेकवली आणि मग काठी उचलून निघाली. जिन्यावरून काठीचा आवाज खाली उतरत गेला.

पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. मी हिची पिशवी उचलली.

“थांबा,” ही म्हणाली. “दहा मिनिटं आहेत अजून.” आणि डावीकडे पुढचा कागद उघडला.