सोड्यात लाल झालेली पूड

आईची आखडलेली बोटं दोन दिवसांत सुटली, तेव्हा अख्खं घर खूश झालं. एकट्या ठिणगीच्या मनात पाल चुकचुकली.

सांधे धरल्यामुळे शिवणकाम बंद पडलं होतं, म्हणून मामाने कॅप्सूलची डबी आणली होती. तो त्या कॅप्सूल घरोघर विकायचा. "हळदीचा अस्सल अर्क, ताई! झाडपाल्याचं औषध. अपाय कसला?"

आता दोन महिन्यांनी आई झरझर पडदे शिवत होती. पण चेहरा कसा फुग्यासारखा गोल झाला होता! आणि शाळेत रसायनशास्त्राच्या बाई म्हणाल्या होत्या, हळदीतलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम शिरतं. मग दोन दिवसांत जादू कुठून?

रविवारी मामा आला, तशी ठिणगीने त्याच्यादेखत कॅप्सूल फोडली आणि पिवळी पूड धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकली. पाणी लालभडक!

"बघ, हळदच निघाली ना?" मामा मांडीवर थाप मारून हसला. "आली मोठी शास्त्रज्ञ!"

ठिणगीचं तोंड एवढंसं झालं. आई म्हणाली, "पुरे गं आता. माझे हात चालतायत ते बघवत नाही का तुला?"

  मामा कण्हत गुडघा दाबत उठला. ठिणगी सहज बोलली, "मामा, तूही घे ना एक. गुडघ्याला बरं."

"छे गं, मला नाही चालत. साखर आहे ना मला. लगेच चढते."

शिवणयंत्राच्या पायडलवरचा आईचा पाय थांबला.

"हळदीने?" ठिणगीने विचारलं. "हळदीने साखर चढते, मामा?"

मामा खिसे चाचपू लागला. गाडीची किल्ली समोरच टेबलावर होती.

"लाल रंग म्हणजे हळद आहे, एवढंच," ठिणगी आईला म्हणाली. "सोबत आणखी काय आहे, ते सोडा सांगत नाही. स्टेरॉइड असेल तर? त्यानेच असा चेहरा सुजतो, साखरही चढते."

"काय रे, काय घातलंयस यात?" आईने भावाला विचारलं.

"मी कुठे बनवतो, ताई? माल देणाऱ्याने मला सांगितलं होतं, साखरवाल्यांना देऊ नका म्हणून..."

आईने डबी उचलली आणि कचऱ्याकडे वळली. ठिणगीने तिचा हात धरला.

"फेकू नकोस! स्टेरॉइड असेल तर एकदम सोडलं तरी धोका. डबी घे, चप्पल घाल. आत्ताच डॉक्टरांकडे."

आईने डबी मुठीत आवळली आणि भावाला म्हणाली, "तूही चल. काय सांगितलं होतं ते डॉक्टरांसमोर सांग."